सहा पानी शोधनिबंधाची वंशावळ

1949 च्या ऑक्टोबरमध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकाच्या अकराव्या खंडात, पान 350 ते 355 वर, मुंबईच्या एका डॉक्टरांचा शोधनिबंध छापून आला. लेखक होते रुस्तम जाल वकील, परळच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. रक्तदाब वाढलेल्या 50 रुग्णांना सर्पगंधेची मुळी देऊन काय आढळले, एवढाच त्या सहा पानांचा विषय. मेंदूचा त्यात अभ्यास नव्हता. पण पुढच्या दहाएक वर्षांत मेंदूतल्या रसायनांचे शास्त्र उभे राहिले, तेव्हा त्याच्या पायाशी हीच मुळी होती. नैराश्य, कंपवात आणि स्किझोफ्रेनिया यांच्याकडे पाहण्याची डॉक्टरांची नजर तिच्यामुळे बदलली. शोधनिबंधाचे मोल त्याचा दाखला पुढे किती जणांनी दिला यावर ठरवण्याची रीत आज विद्यापीठांत पक्की झाली आहे. वकिलांनी निबंध लिहिला त्या वर्षी तशी मोजदाद ठेवणारी यंत्रणा अस्तित्वात नव्हती, आणि म्हणूनच ही रीत काय टिपते व काय तिच्या हातून सुटते हे या निबंधाच्या मागच्यापुढच्या पिढ्या पाहिल्या की चांगले कळते.

सर्पगंधा हे गुडघ्याएवढे झुडूप. हिमालयाच्या पायथ्यापासून कोकण आणि सह्याद्रीपर्यंतच्या ओलसर, सावलीच्या रानात ते वाढते. फुले पांढरी, त्यांचे देठ तांबूस, फळे पिकली की जांभळट काळी. औषधी भाग मुळी, चवीला अतिशय कडू. सापाच्या दंशावर, तापावर, झोप न येण्यावर आणि वेडावर ती देत. बिहार-बंगालच्या बाजारात तिला सरळ 'पागल की दवा' म्हणूनच मागत. युरोपीय लिखाणात या जातीच्या औषधाची पहिली चाहूल गोव्यात लागते. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यात छापलेल्या संवादरूप ग्रंथात साप चावल्यावर वापरायच्या मुळ्यांची माहिती दिली, आणि त्यांतली एक सर्पगंधा असावी असे बरेच अभ्यासक मानतात. मुंबई बेट एकेकाळी याच गार्सियाकडे भाडेपट्ट्याने होते. पण त्याच्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षे ही मुळी वैद्य, वैदू आणि बाजार यांच्याकडेच राहिली, प्रयोगशाळेत गेली नाही.

1931 साली दोन शहरांत एकाच वेळी हालचाल झाली. दिल्लीत हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइडे वेगळी काढली. त्यांतल्या अजमलीनला त्यांनी हकीमसाहेबांचे नाव दिले. कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड' या मासिकात निबंध लिहिला आणि वेड व रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधा हे नवे भारतीय औषध आहे, असे मथळ्यातच सांगितले. सेन आयुर्वेदाचे मोठे पंडित होते आणि आधुनिक वैद्यकाचे पदवीधरही. औषधाने रुग्ण शांत होतो आणि रक्तदाब उतरतो, ही दोन्ही निरीक्षणे त्या निबंधात एकत्र आहेत. पाश्चात्त्य मनोविकारशास्त्राला 1950 नंतर जे गवसले त्याचा गाभा इथे वीस वर्षे आधी छापलेला होता.

तरी तो जगापर्यंत पोचला नाही. कारण साधे आहे आणि बोचरेही. कोलकात्याचे ते मासिक लंडन-बोस्टनच्या डॉक्टरांच्या टेबलावर जात नव्हते. कोलकात्याच्याच स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 1933 पासून प्राण्यांवर काळजीपूर्वक प्रयोग केले. लखनौच्या बी. बी. भाटियांनी 1942 साली रक्तदाबावरचे आपले अनुभव लिहिले. 1934 साली हिमालया ड्रग कंपनीने या मुळीच्या गोळ्या 'सर्पिना' नावाने विक्रीला आणल्या. हिंदुस्थानातले डॉक्टर औषध लिहून देत होते, रुग्ण घेत होते, निबंधही निघत होते. पण ही सगळी वंशावळ एका घरातच वाढत होती. बाहेरच्या कुणाचा तिच्याशी संबंध जुळला नव्हता.

वकिलांचे काम इथे सुरू होते. 1911 साली मुंबईत जन्मलेले हे पारशी डॉक्टर वैद्यकाचे उच्च शिक्षण इंग्लंडमध्ये घेऊन परतले होते, आणि मायदेशी बरीच वर्षे सर्पगंधा वापरत होते. त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हातात फारसे काही नव्हते. अमेरिकेत वॉल्टर केम्पनर केवळ भात-फळांचा आहार द्यायचे. शस्त्रक्रियेने मणक्यालगतचे मज्जातंतू कापून काढण्याचा धाडसी उपाय केला जाई. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत गेला आणि एप्रिल 1945 मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले. जगातल्या सर्वांत शक्तिशाली माणसाला द्यायला त्याच्या डॉक्टरांकडे या दुखण्यावर धड औषध नव्हते. अशा वेळी गोळीने उतरणारा रक्तदाब ही फार मोठी बातमी होती.

वकिलांनी आपल्या अनुभवातून 50 रुग्ण निवडले, वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब मोजून नोंदवले, औषध सुरू असताना ते किती उतरले आणि थांबवल्यावर काय झाले हे मांडले. आजच्या मापाने ही चाचणी लहान आणि साधी आहे. पण रुग्णांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागण्याची पद्धत तेव्हा नुकतीच जन्मली होती. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची गाजलेली ब्रिटिश चाचणी 1948 सालचीच. वकिलांनी केलेली निवड निर्णायक होती ती दुसऱ्याच अर्थाने. त्यांनी निबंध परदेशातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या मुख्य नियतकालिकाला पाठवला. देशी औषधाविषयीचा देशी पुरावा तिथे छापला गेला आणि त्याच क्षणी तो जगाच्या ग्रंथालयांत दाखल झाला. सेन आणि बोस यांच्यापेक्षा वकिलांचे निरीक्षण अधिक मौलिक होते असे नाही. ते वाचले जाणार होते, हा फरक होता.

वाचले ते प्रथम बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी. रक्तदाबावर काम करणाऱ्या या डॉक्टरांनी हिंदुस्थानातून औषध मागवले, आपल्या रुग्णांना दिले आणि 1952 च्या सुमारास अनुभव सांगायला सुरुवात केली. रक्तदाब हळूहळू उतरतो, नाडी मंदावते, आणि रुग्ण निवांत, काहीसे निर्विकार होतात. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या सिबा कंपनीत योहानेस म्युलर, एमिल श्लिट्लर आणि हुगो बाइन यांनी मुळीतला शांत करणारा मुख्य घटक शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. त्यांनी त्याला रिसर्पिन असे नाव दिले आणि कंपनीने ते सर्पासिल या नावाने बाजारात आणले. 1956 साली रॉबर्ट वुडवर्ड यांनी रिसर्पिनचा रेणू प्रयोगशाळेत जोडून दाखवला. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवला जातो.

मनोविकारांकडे औषध वळले ते न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड स्टेट हॉस्पिटलमध्ये. तिथले नेथन क्लाइन यांनी शेकडो रुग्णांवर सर्पगंधा व रिसर्पिन वापरून 1954 साली निबंध लिहिला. फ्रान्समध्ये दोन वर्षांपूर्वीच क्लोरप्रोमाझिन हे दुसरे शामक औषध मनोरुग्णांसाठी वापरात आले होते. बांधून ठेवलेले, आरडाओरडा करणारे रुग्ण शांत बसू लागले, काही घरी गेले. ज्या कामासाठी बिहारच्या बाजारात पिढ्यानपिढ्या मुळी विकली जात होती, त्याच कामासाठी ती आता न्यूयॉर्कमध्ये गोळीच्या रूपात दिली जात होती.

इथून गोष्ट मेंदूच्या आत शिरते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट बाउमन यांनी बनवलेले एक नवे यंत्र होते. प्रकाश टाकल्यावर पदार्थ किती चमकतो यावरून ते अत्यल्प प्रमाणातली रसायनेसुद्धा मोजत असे. 1955 साली आल्फ्रेड प्लेचर, पार्कहर्स्ट शोर आणि ब्रॉडी यांनी दाखवले की रिसर्पिन दिल्यावर शरीरातला सिरोटोनिनचा साठा रिकामा होतो. औषधाने वागणुकीत बदल होतो आणि त्याच वेळी मेंदूतले एक ठरावीक रसायन मोजण्याइतके घटते, अशी जोडी प्रथमच हाती आली. त्याआधी मेंदूच्या पेशी एकमेकींशी विजेच्या ठिणग्यांनी बोलतात की रसायनांनी, यावर विद्वान भांडत होते. रिसर्पिनने रसायनांच्या बाजूला वजन टाकले.

ब्रॉडींकडे त्या वर्षी काही महिने शिकायला आलेले स्वीडिश संशोधक आर्विद कार्लसन यांना वाटले की सिरोटोनिनसोबत इतर रसायनेही रिकामी होत असतील. मायदेशी लुंड येथे परतल्यावर त्यांनी निल्स-ओके हिलार्प यांच्यासह ते तपासले, आणि अंदाज खरा निघाला. 1957 साली त्यांनी मार्गित लिंडक्विस्ट आणि टोर मॅग्नुसन यांच्यासह 'नेचर'मध्ये अर्ध्या-पाऊण पानाचा निबंध लिहिला. रिसर्पिन दिलेले ससे निश्चल, कान पाडून पडलेले. त्यांना डोपा हे रसायन टोचले की थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागत. पुढच्या वर्षी याच गटाने मेंदूत डोपामिन असते आणि रिसर्पिनने ते नाहीसे होते हे दाखवले. डोपामिन हे तोवर दुसऱ्या रसायनाकडे जाताना लागणारा मधला थांबा मानले जाई. ते स्वतःच निरोप्या आहे, आणि त्याच्या अभावाने हालचाल गोठते, हा विचार इथला. 1960 साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकेविच आणि हर्बर्ट एहरिंगर यांना कंपवाताने मेलेल्या माणसांच्या मेंदूत नेमक्या ठिकाणी डोपामिन जवळजवळ संपलेले आढळले. 1961 मध्ये वाल्टर बिर्कमायर यांच्यासह हॉर्निकेविच यांनी लेव्होडोपाची, म्हणजे औषध म्हणून दिलेल्या डोपाची, चाचणी केली, आणि जखडलेले रुग्ण उठून चालले. कार्लसनना 2000 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रिसर्पिन नेमके काय करते हे बऱ्याच उशिरा उलगडले. मज्जापेशीत निरोप्या रसायन सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. पिशवीच्या भिंतीत ते आत ओढून घेणारे एक प्रथिन असते. रिसर्पिन त्यालाच घट्ट चिकटते. साठवण थांबते, बाहेर उरलेले रसायन पेशीतली विकरे मोडून टाकतात, आणि पिशव्या रिकाम्याच राहतात. प्रथिन ताजे तयार होईपर्यंत हा परिणाम टिकतो, म्हणून गोळी बंद केल्यावरही तो कित्येक दिवस उतरत नाही.

या सगळ्या पिढ्यांच्या मध्यावर, 1957 साली, अमेरिकेतला लास्कर पुरस्कार वकिलांना मिळाला. क्लाइन, रॉबर्ट नॉस, आंरी लाबोरी, पिएर देनिकेर आणि हाइन्झ लेमान हे त्याच वर्षीचे इतर मानकरी. वैद्यकातल्या या प्रतिष्ठेच्या पुरस्काराचे वकील पहिले भारतीय मानकरी. निवड समितीला मोजणीचे तक्ते पाहावे लागले नव्हते. कोणत्या कामातून कोणते काम निघाले हे त्या क्षेत्रातल्या लोकांना तोंडपाठ होते.

मोजणीचे तक्ते लवकरच आले. फिलाडेल्फियाच्या युजीन गारफील्ड यांनी 1955 साली 'सायन्स'मध्ये एक कल्पना मांडली. ग्रंथालयातली सूची विषयाने लावलेली असते. तिच्याऐवजी कोणत्या निबंधाने कोणत्या जुन्या निबंधाचा दाखला दिला याची सूची करावी. 1964 पासून त्यांचा 'सायन्स सायटेशन इंडेक्स' नियमित निघू लागला. कल्पनेचे मूळ अमेरिकी कायदेतज्ज्ञांच्या वापरात होते, जुना निवाडा पुढे कुठे ग्राह्य धरला वा नाकारला गेला ते पाहण्यासाठी. पण मराठी वाचकाला तिचे रूप त्र्यंबकेश्वरला अधिक ओळखीचे वाटेल. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, कुशावर्ताच्या आसपास राहणाऱ्या तीर्थोपाध्यांच्या घरी यजमान घराण्यांच्या नामावळ्या आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की गुरुजी चोपडी काढतात. श्राद्धाला, नारायण नागबळीला किंवा सिंहस्थात आलेल्या पूर्वजाची नोंद तिथे निघते: स्वतःचे नाव, बापाचे, आजाचे, भावांची आणि मुलांची नावे, आल्याची मिती, खाली सही. जुनी पाने मोडीतली असतात. आज आलेला माणूस आपली नोंद त्याखाली करतो आणि तीच पुढच्यांसाठी दुवा होते. पणजोबाच्या पानापासून सुरुवात करून खाली कोणकोण आले हे ज्याला वाचता येते, त्याला गारफील्डची सूची वेगळी समजावून द्यावी लागत नाही. शोधनिबंधाच्या शेवटी दिलेली संदर्भयादी पूर्वजांकडे नेते. सूची जुन्या निबंधापासून वंशजांकडे नेते.

दोन्हींची मर्यादाही सारखीच आहे. जो त्र्यंबकला आलाच नाही त्याचे नाव नामावळीत नाही. गारफील्डच्या सूचीत आधी ठरवलेल्या नियतकालिकांचीच नोंद होई, आणि त्यांत भारतीय नियतकालिके थोडी होती. 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मधल्या 1931 च्या निबंधाला ज्या भारतीय डॉक्टरांनी भारतीय मासिकांत दाखले दिले, ते मोजले जाण्याचा प्रश्नच आला नाही. सूची पुढे मागच्या काळात, 1945 पर्यंत नेली गेली, त्यामुळे वकिलांच्या निबंधाला मिळालेले 1949 नंतरचे दाखले टिपता आले. सेन-बोस यांच्या निबंधाला 1931 ते 1945 या त्याच्या तारुण्यातल्या काळात काय मिळाले, ते त्या सूचीला कधीच दिसणार नव्हते. त्यांचे नाव परदेशी वाचकांना टिकून राहिलेले दिसते, त्याचे मोठे श्रेय वकिलांनाच आहे. 1955 साली अमेरिकेच्या 'सर्क्युलेशन' नियतकालिकात त्यांनी सर्पगंधेवरच्या सर्व लिखाणाचा आढावा लिहिला आणि आपल्या आधीच्या भारतीय कामाची रीतसर यादी दिली. स्वतःचे श्रेय पक्के झाले असताना पूर्वसूरींना जगाच्या वाचनात आणून बसवणे हे संशोधकाच्या प्रामाणिकपणाचे काम आहे, आणि त्याची मोजदाद कोणत्याही निर्देशांकात होत नाही.

दुसरी गळती अधिक सूक्ष्म आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले की एखादा शोध फार यशस्वी झाला तर तो सर्वांच्या ज्ञानात विरघळतो आणि मूळ लेखाचा दाखला देणे बंद होते. डोपामिनवर आज लिहिणारा संशोधक कार्लसनचा 1957 चा निबंधही क्वचित उद्धृत करतो. मग वकिलांचा कोण करणार? रक्तदाबाची चाचणी असलेला निबंध मेंदूशास्त्राच्या संदर्भयादीत येण्याचे कारणही दिसत नाही. वंश मात्र तुटलेला नाही. विल्किन्सने वकिलांना वाचले, क्लाइनच्या पिढीने सर्पगंधेला, ब्रॉडीने रिसर्पिनला, कार्लसनने ब्रॉडीला. प्रत्येक पायरीवर दाखला एका पिढीपुरता मागे जातो. चार पिढ्या ओलांडल्यावर पणजोबाचे नाव वाचणारा कुणी उरत नाही.

दाखल्यांची संख्या सत्याच्या मागे जाते की कथेच्या, हा प्रश्नही या इतिहासात उभा राहतो. रिसर्पिन घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना उदासीने घेरल्याच्या नोंदी 1955 च्या आसपास येऊ लागल्या. औषध मेंदूतली रसायने कमी करते आणि माणूस खचतो. म्हणजे नैराश्य हा या रसायनांच्या तुटवड्याचा आजार. 1965 साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी हे तर्कशास्त्र एका आढाव्यात मांडले आणि तो मनोविकारशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांपैकी एक ठरला. पण लंडनच्या मॉड्सली रुग्णालयातले डेव्हिड डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड यांनी 1955 सालीच 'लॅन्सेट'मध्ये चिंताग्रस्त, उदास रुग्णांवरची नियंत्रित चाचणी छापली होती, आणि तीत रिसर्पिन घेतलेले रुग्ण सुधारले होते. तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. रिसर्पिनने नैराश्य येते ही समजूत अतिरंजित होती असे नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासून म्हटले. कॅथलीन मॉन्टेग्यूंचे उदाहरणही जवळचे. मेंदूत डोपामिन सापडल्याचे त्यांनी 1957 साली 'नेचर'मध्ये कळवले होते. श्रेय कार्लसनच्या 1958 च्या निबंधाकडे गेले, कारण त्याने डोपामिनला काम नेमून दिले होते.

आता वकिलांचा प्रकाशनांचा लेखाजोखा संपूर्ण पाहिला तर तो सर्पगंधेवर संपत नाही. हृदयविकाराचा झटका येण्याआधीच्या दिवसांत छातीत भरून येणाऱ्या वेदनांवर त्यांनी 1961 साली 'सर्क्युलेशन'मध्ये आणि 1964 साली अमेरिकेच्या हृदयरोगशास्त्राच्या नियतकालिकात सविस्तर लिहिले. झटका येण्याच्या उंबरठ्यावरच्या रुग्णाला वेळीच ओळखून उपचार करावेत, ही भूमिका पुढे सगळ्यांनी मान्य केली. अस्पी गोलवाला यांच्यासह लिहिलेले रुग्णतपासणीचे पाठ्यपुस्तक भारतातल्या पिढ्यांनी वापरले. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाच्या वैद्यक पाठ्यपुस्तकाच्या 1969 सालच्या पहिल्या आवृत्तीचे ते संपादक होते. त्या दोन पुस्तकांतून किती डॉक्टर घडले याला आकडा नाही. पाठ्यपुस्तक वाचणारा विद्यार्थी परीक्षा देतो, रुग्ण तपासतो, शोधनिबंध लिहीत नाही. म्हणून त्याच्या वाचनाची नोंद सूचीत पडत नाही. 1974 साली वकील गेले.

2005 साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी संशोधकाची उंची एका आकड्यात सांगण्याची युक्ती काढली. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा दाखले मिळाले त्याचा एच-निर्देशांक दहा. सोपा, चटकन कळणारा आकडा. पण एकाच निबंधाने युग बदलणाऱ्या माणसाचा तो एकच असेल. 2010 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या बढतीसाठी प्रकाशनांना गुण द्यायला सुरुवात केली आणि भारतात अशा मोजणीला प्रशासनाचे बळ मिळाले. रुग्ण तपासता तपासता, मधून मधून लिहिणाऱ्या केईएमच्या डॉक्टरला असे गुणपत्रक कितपत न्याय देईल, याचे उत्तर वकिलांच्या कामातच आहे.

रिसर्पिनचा दवाखान्यातला काळ हळूहळू ओसरला. 1967 साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या 143 पुरुषांवरच्या अभ्यासाने रक्तदाब उतरवल्याने प्राण वाचतात हे पहिल्यांदा स्पष्ट दाखवले, आणि त्या अभ्यासातल्या तीन औषधांत रिसर्पिन एक होते. 1974 साली स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सांगणाऱ्या निबंधांनी घबराट झाली. पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही, पण डॉक्टरांचा कल नव्या औषधांकडे वळला होता. परदेशी मागणीने जंगलातल्या मुळ्या उपटल्या गेल्या, झुडूप दुर्मीळ झाले आणि 1990 मध्ये त्याचा समावेश संरक्षित वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या यादीत झाला.

डोपामिनच्या शाखेला मात्र एक अनपेक्षित कोंब फुटला. कार्लसनच्या सशांना उठवणारा डोपा खाजकुहिलीच्या बियांत असतो, हे मद्रासमधल्या एम. दामोदरन आणि आर. रामस्वामी यांनी 1937 सालीच दाखवले होते. डोपाचा कंपवाताशी संबंध उघड झाल्यावर मुंबईतल्या अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी खाजकुहिलीच्या बियांचे चूर्ण कंपवाताच्या रुग्णांना दिले आणि 1978 साली 'न्यूरॉलॉजी इंडिया'त निष्कर्ष लिहिले. 2004 साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या दुहेरी-अंध चाचणीत त्याच बियांचे चूर्ण नेहमीच्या लेव्होडोपा गोळीपेक्षा लवकर लागू पडले आणि त्याचा परिणाम जास्त वेळ टिकला. परंपरेत वापरात असलेल्या औषधापासून रुग्णाकडे आणि मग प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या या पद्धतीला अशोक वैद्य यांनी उलट औषधशास्त्र असे नाव दिले. सर्पगंधेचे उदाहरण ते त्यासाठी नेहमी देत आले.